थोरलीच्या पाठीवर धाकटी

१० जानेवारी १९६५, रविवार

लष्कराच्या वर्कशॉपात प्रत्येक दुर्बिणीला एक कार्ड असे. काय बिघडलं, कोणी उघडलं, कोणता पुर्जा बदलला, सगळं त्यावर लिहायचं. तीच सवय इथे चालवतो आहे. ही वही माझ्या दुर्बिणीचं कार्ड. माझ्याबद्दल त्यात काही यायचं कारण नाही.

माझी बायको राही म्हणते, "चोवीस वर्सं मिल्ट्रीची येंत्रं नीट केलाव, आता घराचा कवाड तेवढा नीट करा." करीन. कवाड कुठे पळून जात नाही. मृग नक्षत्र मात्र एप्रिल लागला की मावळतीला जातं, मग थेट पुढच्या थंडीपर्यंत दर्शन नाही.

दोन पावसाळे घरात बसून सहा इंची आरसा घासला. त्याची ही मोठी पत्र्याची दुर्बीण, खाली खळ्यात दगडचुन्याच्या खांबावर उभी आहे. आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत असल्याने आकाश काळंभोर मिळतं. मृगाच्या पोटात जो तीन ताऱ्यांचा बाण आहे, त्याच्या खाली एक धुकट ठिपका असतो. दुर्बिणीतून तो पंख पसरलेल्या वाघळासारखा दिसतो. त्या धुकटीचा फोटो काढायचा आहे.

अडचण अशी की फोटोच्या काचेवर उजेड वीस मिनिटं पडू द्यावा लागतो, आणि आकाश तेवढा वेळ थांबत नाही. दुर्बीण ताऱ्यांबरोबर सारखी फिरवत राहिली पाहिजे. पण जिथे डोळा लावायचा तिथेच काच बसवल्यावर पाहायचं कुठून? म्हणून तिच्या पाठीवर दुसरी, लहान दुर्बीण बांधायची. लहानीतून एक तारा आतल्या बारीक रेषांच्या फुलीवर धरून ठेवायचा, मोठी आपोआप सोबत येते. मोठीला मी थोरली म्हणतो, लहानीला धाकटी. धाकटी म्हणजे तोफेवरची जुनी दुर्बीण, मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली.

चोवीस वर्षं मी ज्या फुल्या बसवल्या त्या माणसांवर रोखण्यासाठी होत्या. एक तरी फुली ताऱ्यावर बसावी असं मनापासून वाटतं.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत असूनही महाडला गेलो. मुरारी लेथवाल्याने धाकटीसाठी दोन कडी करून ठेवली होती. प्रत्येक कड्याला तीन तीन स्क्रू, म्हणजे धाकटीचं तोंड थोडं इकडे तिकडे वळवून जवळचा ठळक तारा पकडता येईल. काम चोख आहे. मी कडी नाकाशी धरून आटे तपासले तर मुरारी म्हणाला, "सुभेदारसाहेब, चष्मा कुठाय?" म्हटलं, चष्मा पेटीत. दिवाळीपासून मला वाचायला चष्मा लागत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी डोळे सुधारलेला माणूस महाड-पोलादपुरात दुसरा दाखव. तो लेथ पुसायला लागला. जळला असेल, चाळिशीतच त्याला भिंग लागतं.

बाजारात आमच्या वाडीतल्या, बांधाशेजारच्या कोंडाजीला हाक मारली, खांद्यावर हातही टाकला, तर तो भलताच कोणी निघाला. डोळ्यांवर ऊन होतं.

घरी तिळगूळ घेताना राहीशी वाद झाला. ती कडी बघून म्हणाली, "ह्यो कसला दागिना?" म्हटलं, धाकटीचा. "मंग सवतीला आदी गोठ, मला काय?" सगळे हसले. मीही हसलो.

२३ जानेवारी, शनिवार

धाकटी चढली. लिहायला सोपं आहे, पण तीन दिवस गेले.

पहिली गोष्ट तोल. थोरलीच्या पाठीवर धाकटी बसताच सगळं यंत्र एका अंगाला कलंडलं, नांगराला एकच बैल जुंपल्यासारखं. वजनाला काय लावावं कळेना. शेवटी माळ्यावर जुन्या जात्याची वरची तळी सापडली. तिला मधोमध भोक असतंच. ते ट्रकच्या जुन्या आसाच्या दांड्यावर असं बसलं की जणू त्यासाठीच पाडलं होतं. राही कमरेवर हात ठेवून बघत होती. "माज्या सासूचा जाता हाय तो. तिनं ह्यो बघितलानी असता तर तुमालाच दळला असता."

हैबती, माझा धाकटा भाऊ, शेती तोच बघतो. दिवसभर भाजावळीसाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, डहाळ्यांची कवळं तोडून आला होता, तरी स्क्रू आवळायला उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी आठ ग्रह एका राशीत आले, त्या अष्टग्रहीच्या वेळी सगळी वाडी मला विचारायला आली होती, जग बुडतंय का. बुडलं नाही, त्याचं श्रेय मला मिळालं. तेव्हापासून हैबती माझं ऐकतो, निदान दुर्बिणीच्या बाबतीत.

राहीला हल्ली काय झालं आहे समजत नाही. घरापासून खळ्यापर्यंतच्या दगडी पायऱ्यांच्या कडांना आज तिने चुन्याचे पट्टे ओढले. सण नाही, लग्न नाही, पाहुणा नाही. विचारलं तर म्हणाली, "बरा दिसतो." पांढरे पट्टे बरे दिसतात हे खरं, पण चुना मला खांबाच्या भेगेत भरायचा होता.

२७ जानेवारी, बुधवार

चंद्र पहाटेचा झाला, संध्याकाळ काळोखी मिळाली. जेवण आटोपून धाकटीला डोळा लावला.

तारा फुटलेला आहे. बाणाच्या तिघांतला खालचा तारा धरला होता. सुईच्या टोकाएवढा दिसायला हवा, तो सावरीच्या बोंडासारखा पिंजून दिसतो. फुलीच्या रेषा दिसाव्यात म्हणून आत लाल कागदामागे बारका दिवा ठेवला आहे. तो लावला की सगळं गुलाबी धुकं होतं आणि त्यात बोंडही हरवतं.

रोग ओळखला. बुरशी. कोकणातल्या पावसाळ्यात कातडं, कापड, काच काही सुटत नाही. जुन्या भिंगाला आतून बुरशी चढली की उजेड असाच पसरतो. वर्कशॉपात शेकडो बघितली आहेत. उद्या भिंग उघडतो.

थोरलीतही मृग जरा मळकट वाटला. आरशाची चांदी काळवंडली असेल. तिचं नंतर बघू. फोटोची काच कुठे बसवली की तारे बारीक उमटतात ती जागा मी गेल्या वर्षी नळीवर कोरून ठेवली आहे, त्यामुळे चिंता नाही.

३० जानेवारी, शनिवार

भिंग उघडलं, रिठ्याच्या पाण्याने धुतलं, मलमलीने टिपलं. बुरशी विशेष अशी दिसली नाही, पण थोडी असेल.

वर्कशॉपातले आमचे उस्ताद म्हणत, "एक बखत, एक पुर्जा." बिघाड शोधताना एका वेळी एकच भाग बदलायचा आणि यंत्र पुन्हा बघायचं. दोन भाग एकदम बदलले तर बिघाड कोणत्यात होता हे जन्मात कळत नाही. जो अंदाजाने चार पुर्जे बदलून मोकळा होई, त्याला ते आठवडाभर झाडू मारायला लावत.

तर, पुर्जा पहिला: भिंग. बदल नाही. तारा अजून बोंडच.

पुर्जा दुसरा: फुली. जुन्या रेषा जाड वाटल्या. देवघराच्या कोपऱ्यात एक कोळी आहे, त्याचा धागा पट्टीवर गुंडाळून घेतला आणि नवी फुली ताणली. दोन दिवस राहीला त्या कोपऱ्यात केरसुणी फिरवू देत नव्हतो. धागा बसवताना हात स्थिर होता, आणि चष्मा लागला नाही हे मुद्दाम नोंदवतो.

४ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली काच खर्ची पडली.

धुकं असलं तरी काय, अंदाजाने तारा फुलीवर धरता येईल असं ठरवलं. हैबतीने थोरलीच्या तोंडावरचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, मी धाकटीला डोळा लावून हातचाक फिरवत राहिलो. ते मोडीतल्या ट्रकच्या स्टिअरिंगच्या पेटीतून केलं आहे, लोण्यासारखं फिरतं. मान अवघडली, डोळ्यातून पाणी आलं, पण सोडलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नाही, तिथे काच धुतली. सकाळी उन्हात धरली. तारे सगळे लांब, शेवयांसारखे. एका ठिकाणी तर वाकडी शेवई. म्हणजे मी फुलीवरून घसरलो, पुन्हा आलो, पुन्हा घसरलो, आणि मला त्याचा पत्ता नाही.

डब्यात आणखी दोनच काचा आहेत. मुंबईहून आणवून घेतल्या होत्या. त्या तांदळाच्या कणगीत खोल ठेवल्या, थंड राहाव्यात म्हणून.

१३ फेब्रुवारी, शनिवार

चांदणं. दुर्बिणीला सुट्टी.

पुर्जा तिसरा: कडी. धाकटी कड्यांत कणभर सरकत असेल तर तारा घसरल्यासारखा होणारच. माझा जुना लष्करी पट्टा कापून कड्यांत कातड्याचे तुकडे बसवले. आता ती पाळण्यातल्या पोरासारखी घट्ट आहे. पट्टा कापताना थोडं वाईट वाटलं.

घरात सगळ्यांचंच काहीतरी बिनसलं आहे. राहीने पाड्याच्या गळ्यात घंटा बांधली, कारण मी परवा गोठ्यात त्याच्यावर अडखळलो. पाडाच काळा, त्यात गोठा काळोखा, त्याला मी काय करणार? माझं ताट हल्ली ती हाताशी आणून ठेवते आणि "भाकरी हितं, कोरड्यास तितं" असं सांगते, जणू मी नवा जावई. आणि हैबती. खळ्याकडे जाताना कंदील घेऊन माझ्यापुढे चालतो. धाकट्याने मागे चालावं ही आमच्या घरची रीत आहे, बाबांच्या वेळेपासून. टोकलं तर म्हणाला, "वैनीनं सांगितलानी." म्हणजे आता रीती वहिनी ठरवणार.

कंदीलही बदलायला हवा. ज्योतीभोवती रंगीत कडं दिसतं. रॉकेलमध्ये भेसळ असणार.

२४ फेब्रुवारी, बुधवार

दुसरी काच गेली. पुन्हा शेवया.

पण या वेळी कारण सापडलं, आणि ते यंत्रात नाहीच. धूर! कोंडाजीने वरच्या अंगाला राब, म्हणजे भातरोपांची जागा, भाजायला घेतला आहे. चार दिवस डोंगरावर कवळं आणि पाला जळतो आहे, सगळी दरी निळसर झाली आहे. अशा धुरात तारा पिंजणार नाही तर काय होईल? मी इकडे बुरशी शोधत बसलो.

सकाळीच कोंडाजीकडे गेलो. म्हटलं, महिनाभर राब थांबव. तो हसला. "मालोजीदादा, राब भाजला नाय तर दाढ कुटं टाकू? तुमच्या नळीत?" दाढ म्हणजे रोपं. मी बरंच बोललो. अडाणी म्हणालो. त्याच्या बापाने आमच्या बांधाचा दगड सरकवला होता तेही काढलं, त्याची काही गरज नव्हती. परतताना त्याच्या अंगणातल्या उखळावर माझी नडगी आपटली, मग राग आणखी वाढला.

२ मार्च, मंगळवार

हैबतीने मिटवलं. कोंडाजीकडे जाऊन बसला, काय बोलला माहीत नाही. कोंडाजी आठ दिवस थांबणार आहे. आमचाही राब हैबतीने थांबवला आहे. पाला वाळून कडकडला आहे, वारा सुटला तर उडून जाईल, हे तो माझ्यादेखत राहीला म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. आठ दिवसांनी कोणाचं शेत बुडत नाही.

५ मार्च, शुक्रवार

काल काय झालं ते आज लिहितो. काल लिहिता आलं नसतं.

तीन दिवसांत धूर निवला. काल दुपारी वारा फिरला आणि संध्याकाळी हैबती म्हणाला, "दादा, आज अशी चांदणी हाय, जसा कोन पाखडून ठेवलाय." खळ्यात गेलो. धाकटीला डोळा लावला.

बोंड. तेच बोंड, तेच गुलाबी धुकं.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, कोंडाजी लबाड आहे, पलीकडच्या अंगाला भाजतोय. हैबती म्हणाला, नाय रे दादा. म्हटलं, मग ये, बघ तूच. त्याने वाकून डोळा लावला, बराच वेळ लावला. "तारा हाय की. बारीक. फुलीच्या मदी टोचल्यागत."

मला वाटलं माझी समजूत काढतो आहे. राही पायरीवर बसली होती, तिला बोलावलं. ती यायला तयार नव्हती. मग पदर खोचून आली, एक डोळा हाताने झाकून बघितलं. "माज्या चमकीच्या खड्यायेवडा. लाल रेगा हायत दोन, बारीक, त्यांच्या मदी."

भिंग नवं धुतलेलं, फुली नवी, कडी घट्ट, धूर नाही. आणि या दोघांना तारा टोचल्यासारखा दिसतो. मग वर्कशॉपात करतात तेच मी केलं. तिला डोळा लावून उभं राहायला सांगितलं आणि न बोलता हातचाक थोडं फिरवलं.

"आता कुठे आहे?"

"उजवीकडं सरला."

उलट फिरवलं. "आता?"

"आला फुलीवर. ऱ्हावा... आता पार पलीकडं गेला."

पुन्हा फुलीवर आणवून घेतला. मग चाकाला एका बोटाचाही स्पर्श न करता विचारलं, "आता?"

"हितंच हाय. तुमी हातच लावलाव नाय," ती म्हणाली. "माजी परीक्षा नका बगू."

मी खळ्यात खाली बसलो. एक बखत, एक पुर्जा. सगळे बदलून झाले होते. एकच राहिला होता, आणि तो आजवर ज्याच्या त्याच्या चुका शोधत होता.

राही शेजारी बसली. मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे? म्हणाली, "दिवाळीपास्नं. तुमी लक्ष्मीपूजनाला पनतीवर पाय दिलाव तवा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी गावभर सांगत व्हताव, डोळं सुदारलं म्हून. आमी काय बोलावा?"

मला लाज वाटली. राग तिचा नाही आला, माझाच आला, आणि खूप भीतीही वाटली. घरी येताना हैबती कंदील घेऊन पुढे होता. मी पहिल्यांदाच खाली बघून चाललो. काळ्या दगडाला मला धार दिसत नव्हती. फक्त पांढरा पट्टा दिसत होता, मग काळोख, मग पुन्हा पट्टा.

६ मार्च, शनिवार

हैबतीला सांगितलं, राब भाज. कोंडाजीलाही निरोप दे, माझं काम संपलं.

१९ मार्च, शुक्रवार

परवा होळी झाली. बरेच दिवस वही उघडली नाही.

मी स्वतःहून कोंडाजीकडे गेलो, शिमग्याचं निमित्त बरं असतं. बांधाच्या दगडाबद्दल बोललो त्याची माफी मागितली. तो म्हणाला, दगड बापाने सरकवला होता हे खरंच हाय. मग दोघं हसलो. त्याने विचारलं, "नळीचा काय झाला?" म्हटलं, नळी चांगली आहे, मी बिघडलोय. त्याला वाटलं मी थट्टा करतो. मग मी डोळ्यांचं सांगितलं. घराबाहेर सांगितलेला तो पहिला माणूस.

धाकटी उतरवून पेटीत ठेवायची म्हणून पान्हा घेऊन खळ्यात गेलो. स्क्रूच्या डोक्यात पान्हा बसेना. दोनदा घसरला. तसाच परत आलो. उद्या हैबतीला सांगेन.

२४ मार्च, बुधवार

धाकटी उतरली नाही. हैबतीला सांगितलं होतं, तो "व्हय" म्हणाला आणि तीन दिवस त्याला पान्हाच सापडत नाही. पान्हा राहीच्या फडताळात, हळदीच्या डब्यामागे आहे. चाचपडताना हाताला लागला. तिथेच राहू दिला.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तारा फुलीवर ठेवायचा, येवडाच ना? मी ठेवते."

म्हटलं, वीस मिनिटं डोळा हलवायचा नाही, मान मोडते.

"तांदूळ निवडताना मान काय आराम करते?"

म्हटलं, एकच काच उरली आहे.

"मंग माजी येकच पाळी," ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

पुढचे तीन दिवस तिला चाक फिरवायला शिकवलं. मी वर्कशॉपात बऱ्याच पोरांना शिकवलं आहे, पण एवढं उलट कोणी बोललं नव्हतं. "उजवीकडं फिरवलं की डावीकडं का जातो? असा उलटा कोनी केलान?" धाकटीत सगळं उलटंच दिसतं हे समजावता समजावता माझा घसा बसला. पहिल्या दिवशी तिने तारा चार वेळा हरवला आणि चाकालाच शिव्या दिल्या. मीही चिडलो. मग हैबती मध्ये पडला आणि दोघांच्या शिव्या त्याने खाल्ल्या.

(शेवटचा मजकूर २७ तारखेला लिहिला.)

२८ मार्च, रविवार

संध्याकाळी वर बघून हैबतीला विचारलं, धूर? म्हणाला, नाय. कोंडाजीने आज राब पेटवला नाही. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मृग मावळतीकडे झुकला होता, पण अजून हातात होता.

काच मीच बसवली. तिथे डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात, आणि नळीवरची गेल्या वर्षीची खूण नखाला लागते. राही पाटावर बसली, पदराने कान झाकले, धाकटीला डोळा लावला. "हाय. फुलीवर हाय." मी थोरलीच्या तोंडावरचं झाकण काढलं. हैबतीने गजराचं घड्याळ घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं.

मला वाटलं ती श्वास धरून गप्प बसेल. छे. वीस मिनिटं ती बोलत होती. हात चाकावर, डोळा भिंगाला, आणि तोंड मोकळं. कोणाची म्हैस आटली, बिरवाडीला दिलेल्या भाचीला सासू कशी छळते, शिमग्याला कोणी किती पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वर नाही म्हणाला. मध्येच आवाज तुटायचा, "ऱ्हा रे मेल्या, कुटं चाललास," हे ताऱ्याला, आणि पुन्हा म्हैस. मी थोरलीजवळ झाकण घेऊन उभा. मला मृग दिसत नव्हता म्हणणं खरं नाही. बाणाच्या जागी एक पांढरट ओरखडा दिसत होता. तो कुठे आहे हे मला पाठ आहे.

घोंगडीत घड्याळ वाजलं. मी झाकण लावलं. राहीने डोळा काढला आणि मान चोळत म्हणाली, "येकदा जरा हालला व्हता. भाचीच्या सासूपाशी. पन लगेच आनला."

२९ मार्च, सोमवार

पहाटे काच धुतली. वाळेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी बसून होतो.

ऊन आल्यावर अंगणात धरली. फोटोच्या काचेवर सगळं उलट असतं, उजेड तिथे काळं. मधोमध धुकटी आली आहे, ती मला दिसली. मोठी आहे, एका अंगाला फाकलेली, वाघळाचे पंख. इतकी येईल असं वाटलं नव्हतं. पण बारके तारे हा खरा निकाल. ते लांबट असले तर काच फुकट. डोळ्याशी नेली, भिंग लावलं, तिरकी केली. मला नुसती राखाडी पूड दिसली.

राही शेण सारवत होती. तशाच हातांनी आली, मी काच तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"मधलं सोड," म्हटलं, "बाजूचे ठिपके बघ. लांब आहेत का?"

ती वाकली. जवळ आली, पुन्हा मागे झाली. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, त्यामुळे निकाल आधी कळायची सोय नव्हती.

"गोल," ती म्हणाली.

"शेवयांसारखे नाहीत?"

"मोहरीवानी हायत. गोल."

"सगळे?"

"सगळे, वो. ह्यो येक कडेचा जरा चपटा हाय." मग थोडं थांबून, "ती भाचीची सासू."

मी रडलो. हैबती गोठ्यातून बघत होता, त्याने तोंड फिरवलं. राहीला वाटलं काच बिघडली, ती घाबरून आपल्या शेणाच्या हाताकडे बघायला लागली. तिला म्हटलं, काच चांगली आहे, आजवर माझ्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही कामापेक्षा चांगली. ती म्हणाली, "मंग तिला आत न्या, उनात काय धरून बसलाव."

कार्डावर नोंद: तिसरी काच. थोरली ठीक. धाकटी ठीक. तारा धरला राहीबाईने.

४ एप्रिल, रविवार

उद्या सकाळच्या एसटीने मुंबईला निघायचं. हैबती सोबत येतो आहे. महाडच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, उजवा अधिक पिकलेला. वाचायला चष्मा लागत नाही हे याच रोगाचं लक्षण असतं, असंही ते म्हणाले. माझी सगळी फुशारकी एका वाक्यात गेली. शस्त्रक्रियेने बरं होतं, बहुतेकांचं. बहुतेक या शब्दावर मी जरा थांबलो, पण डॉक्टर पुढे बोलत राहिले.

धाकटी आता उतरवत नाही. वरून ताडपत्री बांधली आहे आणि पावसाळ्यापूर्वी ती आत घ्यायला हैबतीला सांगितलं आहे. पान्हा फडताळात आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, ठाव हाय.

संध्याकाळी खळ्यावर एकटाच जाऊन आलो. खांबावर हात ठेवून थोडा वेळ उभा होतो. येताना मधल्या दोन पायऱ्यांवर अडखळलो. दोन महिने सगळ्यांच्या पायांनी तिथला चुना पुसट झाला आहे. राही चुलीपाशी होती. तिला म्हटलं, मी येईपर्यंत पायऱ्यांना पुन्हा पट्टे ओढून ठेव, आणि या वेळी जरा रुंद ओढ.

ती म्हणाली, "चुना भिजत घातलाय."